बिनकाठाच्या पाण्यावर बाईची पंगत

क्रूझवरून परत आल्यापासून गोंदियात जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो. किती लागले, आणि उलट्या झाल्या का. पहिल्याचं उत्तर मी अजून कोणाला दिलेलं नाही आणि देणारही नाही. आकडा ऐकला की अर्धे लोक "बापरे, इतके?" म्हणतात आणि उरलेले "बस, इतकेच? मग आम्हाला काऊन नाही नेलं?" म्हणून रुसतात. दुसऱ्याचं उत्तर, नाही झाल्या. पैसे कसे वाचवायचे आणि पोट कसं सांभाळायचं, ते सगळं मी पुढे ओघाओघाने सांगणारच आहे. पण या प्रवासातलं खरं सांगण्यासारखं जे आहे ते बाईचं आहे.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण शेवंता. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती देवरीजवळच्या खेड्यात मुलाकडे राहते, मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करून गोंदियातच निवृत्त झाले. बाईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टिकवायची, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. मला ती माले म्हणते.

"माले, मले समुद्र पाहाचा आहे. डोरे आहेत तवर."

मी म्हटलं, चल, मुंबईला चौपाटी दाखवून आणते.

"चौपाटी नाही. चौपाटीवर एक काठ तर आपल्या पायाखालीच राह्यते. मले बिनकाठाचं पानी पाहाचं आहे."

हे बिनकाठाचं पाणी कुठून आलं ते मला लगेच कळलं. आमचे बाबा चोरखमाऱ्याच्या तलावावर राखणदार होते. पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या, क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं. धानाला पाणी सोडायचे दिवस संपले की बाबांना थोडी सवड मिळायची, मग ते आम्हा दोघींना डोंग्यात बसवून तलावात न्यायचे. एका बाजूला पाळ, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं जंगल. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असायचे. तलावाच्या ऐन मध्यावर बाबा वल्हं थांबवून विचारायचे, "पोरीहो, दिसते का काठ?"

बाई ताठ बसून ठणकावून सांगायची, "दिसते!" मी बाबांच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "नाही दिसत, बाबा." बाबा खूश व्हायचे, बाई मला चिमटा काढायची. मग बाबा म्हणायचे, "एक दिवस तुमाले बिनकाठाचं पानी दाखवीन." दाखवायचं राहूनच गेलं. बाबांनी स्वतःही समुद्र कधी पाहिला नाही.

म्हणून क्रूझ. हौस म्हणून मी गेले असते असं वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही.

निघण्याआधी

आमच्या शेजारच्यांची पिंकी एका जहाजावर रिसेप्शनला नोकरी करून आली आहे. तिला मी घरी बोलावलं, गरम भजी खाऊ घातली आणि आतल्या गोष्टी काढून घेतल्या. भज्यांच्या मानाने सौदा फारच स्वस्त पडला.

ती म्हणाली, शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्या टाळा, तेच जहाज तोच समुद्र बराच कमी पैशांत मिळतो. जाहिरातीतली किंमत म्हणजे पूर्ण किंमत नव्हे, त्यावर कर आणि सेवाशुल्क चढतं, ते आधीच विचारून घ्या. जेवण तिकिटात असतं, पण बाटलीबंद पाणी आणि सरबतं नसतात. आपली रिकामी बाटली न्यायची आणि जेवणघरातल्या नळावर भरायची. फोन समुद्रात विमानाच्या मोडवर टाकायचा, नाहीतर घरी आल्यावर बिल बघून चक्कर येते, ती समुद्राने आलेली नसते. मळमळू नये म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागायची, तिथे हेलकावे कमी. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे बिनखिडकीची खोली. "मावशी, खोलीत झोपायलाच तर जायचं," पिंकी म्हणाली.

मला ते इतकं पटलं की मी तिथल्या तिथे बिनखिडकीची खोली घेतली. पाणी बघायला निघालेल्या माणसाला मी बिनखिडकीच्या खोलीत नेते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे बघा, काटकसरीची धुंदी चढली की असं होतं.

मुंबईचा धक्का

एक दिवस आधीच मुंबईत पोचा. हाही पिंकीचाच सल्ला, आणि सोन्यासारखा. आपली गाडी उशिरा येऊ शकते, जहाज कोणासाठी थांबत नाही.

धक्क्यावर सामान तपासताना पहिला घोटाळा झाला. घरचं खाणं जहाजावर चालत नाही, हे मी बाईला चार वेळा सांगितलं होतं. तिने चारही वेळा "हो" म्हटलं होतं. यंत्रातून तिची पिशवी गेली आणि आतून मोहफुलांच्या लाडवांचा डबा निघाला.

तपासणीवरची मुलगी मराठीच होती. "आजी, हे नाही नेता येणार. इथेच ठेवावं लागेल."

"ठेवून काय करशीन, बाई? मुंग्या लागतीन," असं म्हणून बाईने डबा उघडला आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांना लाडू वाटायला सुरुवात केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोकांनी आनंदाने खाल्ले. सुरतच्या हंसाबेन आणि त्यांचे यजमान आमच्या मागेच होते, त्यांनी कृती विचारली. पुण्याचे साठे नावाचे निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी आधी मोहाने चढत नाही ना अशी चौकशी केली आणि मग दोन घेतले.

खोलीत पाऊल टाकताच बाईने चारी भिंती हाताने चाचपल्या. पडदा होता, तो तिने सारला. मागे भिंतच.

"पानी पाहाले आणलं अन् खिडकी कुटी गेली?"

"खोलीत झोपायलाच तर यायचं, बाई."

"मग झोपाले देवरी काय वाईट होती?"

सुरक्षेची कवायत आटोपली आणि आम्ही वरच्या मजल्यावरच्या जेवणघरात गेलो. हे जेवणघर म्हणजे वीस लग्नांचं जेवण एकाच मांडवात. बाईने सगळ्या भाज्या ओलांडून भात शोधला. तो लांबलचक, सुटा सुटा भात बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाली, "याले वासच नाही. आपल्या चिन्नोर तांदळाची खीर घरात शिजली तर गल्लीले समजते." तरी तिने दोनदा घेतला. खिडकीजवळच्या लांब टेबलावर आम्ही बसलो. शेजारी हंसाबेन, त्यांचे यजमान आणि साठे येऊन बसले.

जेवणघराच्या मागच्या दाराबाहेरच जहाजाचा मागचा डेक होता. काठ दूर जाताना बघायचा तर मागे उभं राहायला हवं, हे डोंग्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझं जेवण आधी झालं. मी म्हटलं, "बाई, मी जागा धरते. तू हात धुऊन ये." देवरीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी हयात गेली आहे. दोन खुर्च्या पकडल्या, एकीवर मी बसले, दुसरीवर माझा रुमाल. भोंगा झाला. जहाज हललं.

बाई येईना. मला वाटलं, हात धुते आहे. मग वाटलं, खीर घेते आहे. मुंबईच्या इमारती बारीक व्हायला लागल्या, लोक रुमालाकडे बघून मला टोमणे मारायला लागले. उठावं तर दोन्ही खुर्च्या जाणार. बसावं तर ज्या गोष्टीसाठी बाईला आणलं ती गोष्ट डोळ्यांसमोर पातळ होत चाललेली. शेवटी खुर्च्या सोडून धावत आत गेले.

बाई रिकाम्या ताटासमोर ताठ बसली होती. वेटर ताट उचलायला आला की ती ताटावर आडवा हात धरायची आणि तो बिचारा परत जायचा.

"बाई, उठ! मुंबई चालली!"

"कशी उठू? लोकं जेवून राहिले ना."

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. पंगत बसली की ओळीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. ओळीतलं सगळ्यात वडील माणूस इकडून तिकडे नजर फिरवून घेतं, सगळ्यांचं झालं याची खात्री करतं, मग उठतं, आणि त्याच्या मागे बाकीचे. मधूनच उठणं म्हणजे जेवणाऱ्याला ऊठ म्हणण्यासारखं. त्या टेबलावर सगळ्यात वडील बाई होती. एका टोकाचं जेवण संपत आलं की दुसऱ्या टोकाला नवी माणसं ताट घेऊन बसत होती. ही पंगत मध्यरात्रीपर्यंत उठणार नव्हती.

हंसाबेन आणि साठेही बसूनच होते, उठायला अवघडून. मी बाईचा दंड धरून तिला उठवलं. तिने जाता जाता मान इकडून तिकडे पूर्ण वळवून टेबलाकडे बघितलं आणि सगळ्यांना हात जोडले. तोवर बाहेर धुरकट अंधार पडला होता. मुंबई गेली होती.

मी तिच्यावर भडकले. इतके पैसे, इतका खटाटोप, आणि ज्यासाठी आलो तेच ताटापायी घालवलं, असं बरंच बोलले. बाई शांतपणे म्हणाली, "ताटापायी नाही. मानसापायी." आणि बिनखिडकीच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसरा दिवस, नुसतं पाणी

सकाळी लवकर उठून डेकवर जा. ही टीप माझी स्वतःची. बाकीचं जहाज उशिरापर्यंत लोळत असतं, खुर्च्या मोकळ्या असतात, चहा फुकट असतो आणि फोटो काढून विकणारी मंडळी अजून कामाला लागलेली नसतात. त्यांना फोटो काढू द्यायला हरकत नाही, फक्त विकत घ्यायचा मोह टाळायचा.

मी बाईला कठड्याशी नेऊन उभं केलं. चारी बाजूंना पाणी, कुठेही काही नाही. बाबांचं ते वाक्य इतक्या वर्षांनी असं उघडं पडलेलं होतं समोर. बाई मात्र चहा पीत राहिली.

"बाई, हेच की बिनकाठाचं पाणी."

"हो?"

"हो म्हणजे? दिसत नाही का?"

"पानी दिसते. पन हे बिनकाठाचं आहे हे मले कसं समजन? मले आता चोरखमाऱ्याचेही काठ दिसत नाहीत, माले. समोरचं तेवढं दिसते. बाजूचं सगरं गेलं. पाळीवर उभी राह्यली तरी मले तो समुद्रच." तिने चहाचा घोट घेतला. "काठ आहे, आहे, अन् मंग नाही, असा जाताना पाहिला असता तर समजलं असतं. काल जाऊन राह्यला होता तो."

नजर इतकी आक्रसली आहे हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. काल टेबलाकडे बघताना तिने पूर्ण मान वळवली तेव्हा मला तो तिचा थोरलेपणाचा तोरा वाटला होता. एका नजरेत तिला ओळ मावतच नव्हती. घास घेणाऱ्या एकेका माणसापाशी तिला मान न्यावी लागत होती.

तो सगळा दिवस आम्ही दोघी तलावाबद्दल बोलत बसलो. शिंगाडे काढताना बोटांना टोचायचे काटे, क्वार्टरच्या ओट्यावर जाळं विणत बसलेले बाबा, त्यांच्या सदऱ्याचा विडीचा आणि मासळीचा वास. बाईला सगळं माझ्यापेक्षा जास्त आठवतं. तिला पाण्याच्या पातळीवरून महिना सांगता यायचा. जहाजावर खेळ होते, नाच होते, जादूचे प्रयोग होते, सगळे तिकिटात. आम्ही एकही बघितला नाही आणि मला, मला सुद्धा, पैसे फुकट गेल्याचं वाटलं नाही.

जेवायला बाई पुन्हा त्याच टेबलावर. हंसाबेनने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. या वेळी मी घाई केली नाही. उठताना बाईने सगळ्यांना सांगून टाकलं, "उद्या गोव्याहून आलो का सगरे संगं बसू." सगळे हो म्हणाले. काठ सुटताना बघायची एकच संधी उरली होती, गोव्याहून संध्याकाळी जहाज निघेल तेव्हाची. आणि बाईने नेमकं त्याच वेळेचं जेवणाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

ती हात धुवायला गेल्यावर मी हंसाबेनला बाजूला घेतलं आणि बाईच्या डोळ्यांचं, बाबांचं, काठाचं सगळं सांगितलं. गोंदियाची हिंदी अशा वेळी उपयोगी पडते. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "चिंता मत करो बहन. कल सब साथ में बैठेंगे, साथ में उठेंगे."

गोवा

बंदरात उतरल्यावर जहाजाची सहल घेऊ नका. फाटकाबाहेर चालत जा, आधी भाव ठरवा, आणि ओळख झालेल्या लोकांत गाडी वाटून घ्या. परतायची वेळ मात्र जहाजाची धरायची, गाडीवाल्याची नाही. आम्ही आणि सुरतचं जोडपं एका गाडीत होतो.

बाईला चर्च बघायला आवडलं, कारण आत गार होतं. बाजारात तिने माशांचे कल्ले उघडून बघितले आणि कोळणीला मान डोलावून पावती दिली. एका छोट्या खानावळीत आम्ही मासळीची थाळी घेतली. लालसर, जाड, उकड्या तांदळाचा भात आला तशी बाई खुलली. "हा खरा भात. जहाजातला भात नुसता फोटोत बसाले केला आहे." शाकाहारी हंसाबेन सोलकढीवर खूश होत्या. यजमान सारखं घड्याळ बघत होते, मी त्यांच्याहून जास्त.

आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी परतलो. जेवणघरात गेलो तर साठे टेबलाच्या टोकाला उभे. रिकाम्या खुर्च्यांवर त्यांनी टॉवेल, टोप्या, चष्म्याचं घर, असं काय काय मांडून ठेवलं होतं. कोणी ताट घेऊन आलं की ते म्हणायचे, "सॉरी, आमची घरची पंगत आहे." पुण्याचा माणूस एवढ्या ठसक्यात पंगत म्हणतो आहे हे ऐकून मला हसू आलं.

सगळे एकदम बसले. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. हंसाबेनच्या यजमानांनी आइस्क्रीमकडे एकदा दुःखाने बघितलं आणि मान फिरवली. शेवटचा घास साठ्यांचा राहिला होता, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी तो पाण्याबरोबर उतरवला.

बाईने मान वळवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका ताटावर थांबत. मग टेबलाला हात टेकून उठली. आणि ती उठल्याबरोबर अख्खं टेबल उठलं. आजूबाजूचे लोक बघत राहिले. त्यांना वाटलं असेल कोणी मोठी बाई आहे. होतीच.

डेकवर खुर्च्या मिळाल्या. भोंगा झाला. मावळतीचं ऊन समोरच्या डोंगरावर पडलं होतं, झाडी, पांढरी घरं, खाली किनाऱ्याची रेघ, सगळं स्वच्छ. बाईच्या नजरेत मावेल असं मधोमध. मी तिच्या शेजारी बसले आणि माझ्याही नकळत बाबांचा प्रश्न माझ्या तोंडून निघाला.

"दिसते का काठ?"

"दिसते," बाई म्हणाली. अगदी तशीच, ठणकावून.

मधे मधे मी विचारत राहिले. घरं गेली. झाडीचा हिरवा रंग गेला, नुसता निळसर उंचवटा राहिला. "दिसते." मग "दिसते, पन बारीक." मग ती खुर्चीत पुढे सरकली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने की कशाने, मी विचारलं नाही.

"गेला," ती म्हणाली. "आता नाही. आता हे बिनकाठाचं आहे." थोडं थांबून म्हणाली, "बाबा खरं सांगत होते."

हंसाबेन हळूच डोळे पुसून आत गेल्या, साठेही गेले. बाई माझ्याकडे पूर्ण मान वळवून म्हणाली, "तुले दिसते का?"

मला दिसत होता. निळसर, पातळ, पण पूर्ण काठ. मी म्हटलं, "नाही दिसत, बाई."

तिने चिमटा काढला. साठ वर्षांपूर्वी काढायची तिथेच, दंडाला. "खोटी! डोंग्यातही अशीच बोलत होतीस." मग हसली. "पन बाबाले लय बरं वाटत होतं, तू तसं म्हटलं का. मले कधी जमलं नाही."

हवा गार झाली होती. मी म्हटलं, "चल, आत जाऊ. तुझं तर झालं पाहून."

"माझं झालं," बाई म्हणाली आणि खुर्चीत आणखी नीट सावरून बसली, हात मांडीवर ठेवून. "तुझं राह्यलं आहे ना अजून? होऊ दे सावकाश. ओळीत एक जन बाकी असताना मी कशी उठू?"

मी समोर बघत राहिले. तिला तिथे काहीच दिसत नव्हतं आणि ती माझ्या शेजारी बसून होती. काठ दोऱ्याएवढा झाला, मग मधून मधून तुटला, मग मला शोधावा लागायला लागला.

"गेला, बाई," मी म्हटलं. या वेळी खरंच.

तिने माझा चेहरा एकदा नीट बघून घेतला. मग खुर्चीच्या दांड्याला हात टेकून उठली.